वाघाचा डोळा वेळेत ओळखा

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन;
जिल्हा शल्यचिकित्सक, पुणे;
जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे;
आणि शिरूर-दौंडचे रुग्ण जिथे पाठवले जातात त्या सर्व एमआरआय केंद्रांचे चालक व रेडिओलॉजिस्ट

महोदय,

चालताना पाय वाकडा पडू लागलेलं मूल, जीभ जड झालेली शाळकरी पोर, चाळिशीच्या आत हात कापू लागलेला कामगार. अशा रुग्णाच्या मेंदूचा एमआरआय करताना लोहाचा साठा दाखवणारी तपासणी त्यात झालीच पाहिजे, असा लेखी नियम करा. ही या पत्रातली मुख्य मागणी आहे. पुढे आणखी जे मागितलं आहे ते याच मागणीच्या पोटातलं आहे.

मी शिरूर तालुक्यात शिक्षक आहे. माझी बहीण दौंड तालुक्यात दिली आहे. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारा रस्ता आमच्या दोन्ही घरांना जोडतो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये भीमा. बहिणीचा धाकटा मुलगा तिसरीत असताना त्याचं अक्षर बिघडायला लागलं. शिक्षक असल्यामुळे ते आधी माझ्या लक्षात आलं. वर्षापूर्वीची वही आणि नवी वही शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या मुलांच्या वाटाव्यात, इतका फरक होता. मग तो चवड्यांवर चालायला लागला आणि उजवं पाऊल आत वळायला लागलं. रात्री झोपला की तेच पाऊल मऊ, सरळ, अगदी तान्ह्या बाळाचं असावं तसं. उलटं चालायला सांगितलं तर चाल जवळपास नीट. त्यामुळे घरात, शाळेत आणि एका दवाखान्यातही, "पोरगं नाटक करतंय, शाळा नको म्हणून करतंय," असं ठरलं. त्याला त्यासाठी मारही बसला.

हे मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण ही त्या आजाराची खूण आहे. डिस्टोनिया म्हणजे स्नायूंना मेंदूकडून चुकीचे हुकूम जाणं. झोपेत तो ओसरतो, ठरावीक हालचालीतच उफाळतो आणि हालचाल बदलली की कमी होतो. शिरूर-दौंडमध्ये कुठल्याही मुलाबद्दल कोणी असं वर्णन केलं तर त्याला नाटकी म्हणण्याआधी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा, एवढं तरी आपल्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला ठाऊक असायला हवं.

आधी हाडांचे डॉक्टर झाले, मग खास बूट, मग देवऋषी. शेवटी एका केंद्रात मेंदूचा एमआरआय झाला. पोरगं आत हलत राहिलं, चित्रं पुसट आली आणि अहवालात 'लक्षणीय दोष नाही' असा शेरा पडला. त्या कागदाच्या जोरावर पुढचा बराच काळ कोणी मेंदूकडे पाहिलंच नाही. नंतर पुण्यात दुसरीकडे भूल देऊन पुन्हा एमआरआय केला, त्यात लोह दाखवणारी चित्रंही घेतली, तेव्हा मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंना काळ्या डागात पांढरा ठिपका दिसला. याच खुणेला जगभरचे डॉक्टर 'वाघाचा डोळा' म्हणतात. पहिल्या केंद्राचं नाव इथे लिहीत नाही, कारण माझं भांडण एका केंद्राशी नाही.

हे लोह येतं कुठून आणि यंत्राला दिसतं कसं, हे जनतेच्या माहितीसाठी सांगतो. निरोगी मेंदूतही लोह असतं. मेंदूच्या तळाशी ग्लोबस पॅलिडस नावाचा हालचालींवर ताबा ठेवणारा भाग आहे. 1958 मध्ये हॉलग्रेन आणि सूरांडर या स्वीडिश संशोधकांनी मृत माणसांच्या मेंदूतलं लोह मोजलं. प्रौढांच्या या भागात दर 100 ग्रॅमला सुमारे 21 मिलिग्रॅम लोह निघालं. यकृतात असतं त्याहूनही हे जास्त आहे. जन्माच्या वेळी इथे लोह नगण्य असतं, तिशीपर्यंत ते झपाट्याने वाढतं आणि मग वाढ मंदावते. म्हणून वय न पाहता हे चित्र वाचताच येत नाही. साठीच्या माणसात हा भाग काळसर दिसणं स्वाभाविक आहे. आठ वर्षांच्या मुलात तो गडद काळा दिसला तर ती धोक्याची खूण.

एमआरआयच्या चुंबकात शरीरातल्या पाण्याचे कण एका तालात फिरत असतात. जवळ लोह असलं की त्या जागचं चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि कण तालातून सुटतात. लेझीमच्या रांगेत मधल्या चार पोरांचा ठेका चुकला की तेवढ्या जागेचा आवाज विस्कटून मंद होतो, तसं. तालातून सुटलेली जागा चित्रात काळी येते. हा परिणाम ठळकपणे टिपणारी एक खास पद्धत आहे, एसडब्ल्यूआय. मार्क हाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 च्या सुमारास ती प्रचारात आणली. दीड टेस्लाच्या साध्या यंत्रावरही ती होते, तीन टेस्लावर अधिक चांगली होते. तिला चार-पाच मिनिटं जास्त लागतात आणि शिरेतून औषध सोडावं लागत नाही. कॅल्शियमचा डागही काळा दिसतो, पण याच पद्धतीतलं फेज चित्र पाहिलं तर लोह आणि कॅल्शियम वेगळं ओळखता येतं. म्हणजे यासाठी कोट्यवधींचं नवं यंत्र लागत नाही. लागते ती तपासणीच्या चिठ्ठीवर एक ओळ, आणि ती वाचून बटण दाबणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ.

वाघाचा डोळा साध्या टी-टू चित्रातही दिसू शकतो, हे मला मान्य आहे. 1988 मध्ये डॉ. कपिल सेठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआयमधल्या या खुणेकडे लक्ष वेधलं, तेव्हा एसडब्ल्यूआय नव्हतं. पण आजाराच्या सुरुवातीला कधी नुसता उजळ ठिपका असतो आणि काळेपणा मागून येतो. शिवाय मेंदूत लोह साठणारे आजार अनेक आहेत. पँक-2 जनुकातल्या दोषामुळे होणारा पीकेएएन हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा. दुसऱ्या एका प्रकारात ग्लोबस पॅलिडसमध्ये उजळ रेघ दिसते. तिसऱ्यात लोह मुख्यतः मेंदूच्या खोडातल्या काळ्या पट्ट्यात, सबस्टॅन्शिया नायग्रात साठतं. चौथ्यात लहान वयात लोह दिसतच नाही, लहान मेंदू मात्र आकसलेला असतो. हे सगळं ओळखायला नीट घेतलेलं चित्र हवं आणि सरावलेली नजर हवी.

हे आजार फार दुर्मीळ आहेत. सगळे प्रकार मिळून दहा लाखांत एक ते तीन माणसं, असा जगभरचा ढोबळ अंदाज आहे. मग दोन तालुक्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न आपल्या कार्यालयात कोणी तरी विचारेल. त्याला माझी दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर आमच्या सोयरिकींचं आहे. माझी बहीण माझ्या सख्ख्या आत्याच्या घरी दिली आहे. आमच्याकडे मामाची मुलगी करणं रीतीला धरून आहे आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. पीकेएएनसारखे आजार आई आणि वडील दोघांकडून तोच सदोष जनुक आला तरच होतात. जवळच्या नात्यात तसं होण्याची शक्यता वाढते. असे आई-वडील स्वतः धडधाकट असतात, पण त्यांच्या प्रत्येक बाळंतपणात चारात एक मूल आजारी होण्याची शक्यता राहते. आजारी मुलाच्या निरोगी भावंडातही तो जनुक असण्याची शक्यता तीनात दोन असते. आमच्या घरात थोरल्या भाच्यासाठी माझ्या मुलीला मागायची बोलणी हसत-खेळत व्हायची. चित्र नीट निघालं, मग रक्ताची जनुकीय तपासणी झाली, दोषाला नाव मिळालं, तेव्हा ती बोलणी थांबली. ते नाव हाती आलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही. जिल्ह्याच्या सरासरीने मोजलं तर आमच्यासारख्या घरावरचा धोका दिसतच नाही, तो घराण्याघराण्यात गोळा झालेला असतो.

मुंबईतल्या डॉक्टरांनी हे काम केव्हाच सुरू केलं आहे. डॉ. अन्नू अगरवाल, डॉ. मोहित भट्ट आणि लंडनच्या सहकाऱ्यांनी भारतीय उपखंडातल्या अशा रुग्णांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पँक-2 मधले आधी न सापडलेले दोष होते, पुस्तकात न बसणारी लक्षणं होती, आणि ज्यांचा जनुक तेव्हा उलगडला नाही असे रुग्णही होते. आपल्या माणसांचे आजार आपल्याच भागात शोधावे लागतात, हे त्यातून दिसतं. मुंबईपर्यंत पोहोचलेले रुग्ण मोजले गेले. दौंडच्या फलाटावरून माघारी फिरलेले मोजले गेले नाहीत.

दुसरं उत्तर अधिक तातडीचं आहे. हात कापणं, जीभ अडखळणं, हातपाय वाकडे होणं या तक्रारींनी आलेल्या पोरांत काहींना विल्सनचा आजार असतो. त्यात लोह नव्हे, तांबं साठतं, आणि त्याला औषध आहे. पेनिसिलामीन किंवा झिंक वेळेत सुरू झालं तर अशी मुलं शाळेत परत जातात, संसार करतात. उशीर झाला तर अंथरुणाला खिळतात किंवा दगावतात. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं, डोळ्याच्या बुबुळाभोवतीचं तपकिरी कडं आणि एमआरआय, एवढ्यावर बहुतेक वेळा निदान होतं. तेव्हा एका दुर्मीळ आजारासाठी आखलेली तपासणी बऱ्या होणाऱ्या आजारालाही पकडते. लेव्होडोपाच्या लहान मात्रेने आश्चर्यकारक सुधारणारा एक डिस्टोनियाही आहे, आणि त्यात एमआरआय स्वच्छ येतो. तिथे स्वच्छ चित्र हाच निदानाचा धागा असतो. पण चित्र खरंच स्वच्छ आहे की नुसतं पुसट, हे सांगणारा कोणी तरी हवा.

आता गावातल्या बोलण्याविषयी. मेंदूत लोह साठलंय हे कळलं आणि आमच्या बहिणीच्या घरातून आधी गूळ गेला. केडगावच्या आसपास इतकी गुऱ्हाळं आणि घरात गुळाचा खडा नाही. मग पालक गेला, लोखंडी तवा माळ्यावर गेला, आणि पुतणीला शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आजीने बंद केली. हे सगळं निरर्थक होतं. पीकेएएनमध्ये रक्तातलं लोह बहुधा ठीकच असतं. पेशीच्या आतल्या कामकाजात बिघाड होतो आणि लोह मेंदूच्या ठरावीक जागी अडकतं. ताटातला गूळ काढून ते निघत नाही. उलट ज्या मुलींचं रक्त आधीच कमी आहे त्यांचं नुकसान मात्र होतं. अहवाल हाती देताना हे दोन मिनिटं समजावणं डॉक्टरांचं काम आहे, आणि आशाताईंना ते शिकवणं आपलं.

औषधांच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीचीही भीती आहे. शरीरातलं लोह बाहेर काढणारं डेफेरिप्रोन थॅलेसेमियाच्या रुग्णांना आपल्याकडे अनेक वर्षं दिलं जातं. ते मेंदूपर्यंत पोहोचतं. पीकेएएनच्या रुग्णांवर त्याची 18 महिन्यांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. मेंदूतलं लोह चित्रात कमी झालं, पण रुग्णांना ठामपणे फायदा झाला असं सिद्ध झालं नाही. पार्किन्सन्सच्या 372 रुग्णांवरची चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात डेफेरिप्रोन घेणाऱ्यांची लक्षणं न घेणाऱ्यांपेक्षा वाढली. मेंदूत डोपामाइन बनवणाऱ्या विकराला स्वतःलाच लोह लागतं, हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानतात. शिवाय या औषधाने पांढऱ्या पेशी जीवघेण्या पातळीपर्यंत घसरू शकतात, म्हणून सतत रक्त तपासावं लागतं. मेंदूतलं लोह 'साफ' करून देतो म्हणणाऱ्या प्रत्येकावर आरोग्य खात्याने कारवाई करावी.

मग निदान होऊन उपयोग काय? बॅक्लोफेन आणि ट्रायहेक्सीफेनिडिलने माझ्या भाच्याचा ताठरपणा कमी झाला. जबडा आवळून जीभ चावली जायची, तिथे बोटुलिनमची इंजेक्शनं कामी आली. रात्री त्याला दिसत नाही हे आम्हाला डोळे तपासल्यावर कळलं. पीकेएएनमध्ये डोळ्याचा पडदा खराब होऊ शकतो. अंधारात तो धडपडतो यासाठीही आम्ही त्याला बोललो होतो. शाळेत त्याला लेखनिक मिळाला. हा आजार आज बरा होत नाही, तरी या प्रत्येक गोष्टीने त्याचा दिवस सुसह्य झाला आहे.

आता कामाच्या गोष्टी. मेंदूच्या एमआरआयच्या चिठ्ठीवर 'हालचालींचा आजार' अशी चौकट छापा. तिच्यावर खूण असली की एसडब्ल्यूआय फेज चित्रांसह आपोआप व्हावं, रुग्णाने वेगळं मागायची किंवा वेगळे पैसे मोजायची वेळ येऊ नये. वय आणि लक्षणं लिहिल्याशिवाय चिठ्ठी स्वीकारू नका. 'हेडेक' किंवा 'फिट' एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीवर रेडिओलॉजिस्ट तरी काय शोधणार?

डिस्टोनियाचं मूल यंत्रात स्थिर राहू शकत नाही, आणि एसडब्ल्यूआय जरा हललं तरी बिघडतं. म्हणून आठवड्यातला एक दिवस भूलतज्ज्ञ हजर असणारा ठेवा आणि तो दिवस शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात आणि दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात फलकावर लावा. वाघोलीची कोंडी काढत शिरूरहून आलेलं कुटुंब, किंवा पहाटेची गाडी पकडून दौंडहून आलेली आई, 'आज भूलतज्ज्ञ नाहीत' ऐकून परत जाते, हे थांबलं पाहिजे.

चित्रांची सीडी किंवा लिंक प्रत्येक रुग्णाला फुकट द्या. आमच्याकडे फिल्म असतात त्या खताच्या दुकानाच्या पिशवीत, उन्हाने चिकटलेल्या. फिल्मवर निवडक काप असतात. तज्ज्ञाला सगळे काप आणि फेज चित्रं लागतात. ती न मिळाल्यामुळे तीच तपासणी पुन्हा करावी लागते, आणि दुसऱ्या वेळचे पैसे जनावर विकून उभे राहतात.

रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कामगारांसाठी आणखी एक. ग्राइंडिंग-लेथवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात लोखंडाची बारीक कपची अडकलेली असू शकते. चुंबकात ती सरकली तर डोळा जातो. एमआरआयआधी हा प्रश्न मराठीत विचारा, शंका असेल तर डोळ्यांचा एक्स-रे काढा. वेल्डिंगच्या धुरातल्या मँगनीजनेही ग्लोबस पॅलिडसवर परिणाम होतो, मात्र त्याची खूण टी-वन चित्रात उजळ दिसते. हात कापणाऱ्या कामगाराला त्याचा धंदा विचारल्याशिवाय अहवाल पूर्ण समजू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळा तपासतात. त्यांच्या यादीत 'बदललेली चाल' आणि 'बिघडत गेलेलं अक्षर' घाला आणि ते शिक्षकांना विचारा. आमच्याकडे वह्या असतात. पथकाने संशय घेतलेलं मूल न्यूरॉलॉजिस्टपर्यंत पोहोचलं की नाही, याची नोंद तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे हवी. जनुकीय तपासणी आणि समुपदेशनासाठी राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, 2021 खालचं मुंबईच्या केईएम रुग्णालयातलं केंद्र आहे. तिथे पाठवण्याची रीत ठरवून द्या. आज ते केंद्र आहे हेच आमच्या भागातल्या डॉक्टरांना सांगावं लागतं.

अपंगत्वाच्या दाखल्याचंही तसंच. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत पार्किन्सन्स आहे आणि दीर्घकालीन मज्जाविकारही आहेत. तरी दाखल्याच्या टेबलावर 'पाय तर आहेत की' असं ऐकावं लागतं. तिथे बसणाऱ्यांना या आजारांची ओळख करून द्या.

रेडिओलॉजिस्ट मंडळींना एक वेगळी विनंती. जुन्या सवयीने काही अहवालांत अजून 'हॅलरव्होर्डेन-स्पाट्झ' असं नाव येतं. 1922 मध्ये या दोन जर्मन डॉक्टरांनी आजाराचं वर्णन केलं हे खरं, पण नाझी राजवटीत ठार मारलेल्या रुग्णांचे मेंदू त्यांनी संशोधनासाठी वापरले. पँक-2 जनुक 2001 मध्ये सापडला आणि पुढे जगाने ते नाव सोडलं. आमच्या मुलांच्या कागदांवर ते नको.

हे सगळं करायला विधिमंडळात कायदा लागत नाही. चिठ्ठीवरची चौकट, भूलतज्ज्ञाचा दिवस, चित्रांची सीडी आणि शाळा तपासणीच्या यादीतल्या दोन ओळी या गोष्टी जिल्हा पातळीवरच्या एका परिपत्रकाने सुरू होऊ शकतात. ते परिपत्रक येत्या शैक्षणिक वर्षाच्या शाळा तपासणीआधी काढा. त्याची प्रत दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि प्रत्येक शाळेत पाठवा. आमच्या शाळेत आली की मी ती पहिल्याच पालक सभेत वाचून दाखवीन.

आपला,
शिरूर तालुक्यातील एक शिक्षक